दोन ओळींमधला वेग

गाणे आपण गाणाऱ्याच्या नावाने ओळखतो. ही रीत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. तबकडीवर नाव छापायला जागा असते ती दोन-तीन माणसांपुरतीच. मागे बसून वाजवणाऱ्यांची नावे नशिबात असली तर वेष्टनावर बारीक अक्षरांत येतात, नाही तर येतही नाहीत. पण गंमत अशी की गाणे गुणगुणताना आपण नुसते शब्द म्हणत नाही. एक ओळ संपली की मधला तो वाद्याचा छोटा तुकडाही तोंडाने वाजवतो आणि मगच पुढच्या ओळीवर जातो. तो तुकडा गाण्यातून काढून टाकला तर गाणे लंगडे पडेल, हे आपल्या कानाला पक्के ठाऊक असते. ठाऊक नसते ते वाजवणाऱ्याचे नाव.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात असे तुकडे वाजवण्यात ज्याने आपली उमेदीची वर्षे घालवली, त्या स्पीडी वेस्टची ही हकिकत. पेडल स्टील गिटार हे त्याचे वाद्य. १९५० ते १९५५ या काळात त्याने १७७ गायक-गायिकांसाठी ६००० हून अधिक ध्वनिमुद्रणांत साथ केली, असा आकडा त्याच्याविषयी नेहमी सांगितला जातो. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पाच वर्षे धरली, रविवार-सणवारही सोडले नाहीत, तरी दिवसाला तीनच्या वर गाणी पडतात. आकड्यात थोडे कमी-जास्त झाले असेल असे मानले तरी त्या माणसाच्या हाताला विसावा नव्हता एवढे नक्की. आणि या गाण्यांपैकी बहुतेक गाणी आज ज्यांच्या नावाने ओळखली जातात, ते सगळे दुसरेच लोक आहेत.

वेस्टकडे वळण्याआधी त्याच्या वाद्याचे कूळ सांगायला हवे, कारण ते आपल्याला वाटते तितके परके नाही. त्याचा उगम हवाई बेटांवरचा. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकु नावाच्या मुलाने शाळकरी वयात गिटार आडवी ठेवून तिच्या तारांवरून लोखंडाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली. तो तुकडा त्याला रेल्वेच्या रुळांजवळ सापडला, असे सांगतात. पडद्यांवर बोट दाबायचे नाही, धातूची कांडी तारेवरून घसरवायची. त्यामुळे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मध्ये फट राहत नाही. आपल्याकडे विचित्रवीणा ज्याने ऐकली आहे त्याला हे तत्त्व निराळे समजावून सांगायला नको. केकुकु १९०४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तिथल्या हवाई दालनातले हे वादन ऐकून अमेरिकेला या वाद्याचे वेडच लागले. १९३२ साली बाजारात आलेली आणि खऱ्या अर्थाने खपलेली पहिली विजेची गिटार हीसुद्धा मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटारच होती. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची. लोकांनी तिचे नाव ‘फ्राइंग पॅन’ ठेवले.

हेच वाद्य समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले. टाउ मो हे वादक आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि वाजवले. मुंबईत व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या धुना विजेच्या गिटारवर वाजवल्या आणि त्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिला रागदारीच्या बैठकीत मानाने बसवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी ज्यांच्या घरी होती, त्यांना शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काबरांची गिटार आठवत असेल. मी हवाईयन गिटारकडे वळलो तो याच वाटेने. पेडल स्टील हाती यायला फार वर्षे जावी लागली. आणि ते शिकताना द्रुत लयीची साथ कशी करायची, हा प्रश्न जेव्हा जेव्हा पडला, तेव्हा तेव्हा बोट एकाच माणसाच्या ध्वनिमुद्रणांकडे वळले.

त्याचे खरे नाव वेस्ली वेब वेस्ट. जन्म २५ जानेवारी १९२४ चा, मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावचा. वडील एका धार्मिक ग्रंथ छापणाऱ्या संस्थेत लायनोटाइप यंत्रावर जुळारी होते. दिवसभर अक्षरे जुळवायची आणि घरी आल्यावर गिटार घेऊन भक्तिगीते म्हणायची, असे ते घर. या घरातल्या मुलाच्या हाती हवाईयन गिटार आली यात नवल नव्हते, कारण त्या काळात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ती शिकवण्याचे वर्ग निघाले होते. मुलाचा हात मुळातच चपळ. गावच्या रेडिओवर आणि आसपासच्या कार्यक्रमांत वाजवू लागला तेव्हा त्याला ‘स्पीडी’ हे नाव चिकटले ते कायमचे. आपल्याकडे एखाद्या मुलाला ‘तुफान’ म्हणावे, तसला प्रकार. पुढे आयुष्यभर त्याला या नावाला जागावे लागले.

महायुद्धाची वर्षे त्याने मिसूरीतच शेती करीत काढली. १९४६ मध्ये बायको आणि मुलाला घेऊन तो कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला आला. या स्थलांतरामागे एक मोठी गोष्ट आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीने आणि धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेले ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसूरीकडचे शेतकरी लाखोंनी पश्चिमेकडे सरकले होते. युद्धकाळात विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांनी आणखी माणसे ओढून घेतली. कोकणातला आणि घाटावरचा माणूस गिरणगावात आला तेव्हा त्याच्या वळकटीबरोबर भजनीमंडळही आले. तसेच तिथे झाले. या माणसांना शनिवारच्या रात्री नाचायला आपल्याकडचे संगीत हवे होते. मोठमोठी नृत्यगृहे उघडली, रेडिओ केंद्रे निघाली, वाद्यवृंद उभे राहिले. वेस्टने सुरुवातीला पोटासाठी दिवसा दुसरे काम केले आणि रात्री मद्यालयांतून वाजवले. मग स्पेड कूली, हँक पेनी अशा नाणावलेल्या वृंदप्रमुखांकडे त्याला जागा मिळाली.

१९४८ हे त्याच्या आयुष्यातले कलाटणीचे वर्ष. लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावात पॉल बिग्सबी नावाचा कारागीर होता. मूळचा मोटरसायकलींच्या धंद्यातला, हाताने बारीक यंत्रकाम करण्यात वाकबगार. त्याने वेस्टसाठी एक स्टील गिटार घडवली. मांडीवर मावणारी नव्हे. पायांवर उभी, तीन माना शेजारी शेजारी आणि खाली पायाने दाबायची पेडले. समोरच्या फळीवर वाजवणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत. पेडलवर चालणारी वाद्ये त्यापूर्वीही निघाली होती, पण कंट्री संगीतात पेडल वापरून ध्वनिमुद्रणे करणाऱ्या अगदी पहिल्या वादकांत वेस्टची गणना होते ती या वाद्यामुळे.

पेडलने काय साधते? कांडी सरळ असते, म्हणून ती तारांवर आडवी टेकवली की सगळ्या तारा एकाच घरात दाबल्या जातात. हव्या त्या स्वरांची जुळणी मिळत नाही. जी मुळात जुळवून ठेवली असेल तीच वर-खाली सरकते. पेडल दाबले की यंत्राच्या सळया एखाद-दुसरी तार ओढून तिचा स्वर चढवतात. आज सर्वांत प्रचलित असलेल्या जुळणीचे उदाहरण घेऊ. ती वेस्टची नाही, त्याच्यानंतर रुळलेली आहे, पण समजायला सोपी आहे. मोकळ्या तारांत सा, ग, प मिळतात असे धरा. पहिले पेडल पंचमाला धैवतावर नेते, दुसरे गांधाराला शुद्ध मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प ची जागा सा-म-ध घेतात आणि कांडी जागची हललेली नसते. सतारिया बोटाने तार ओढून मींड घेतो. इथे ती पाय घेतो. आजच्या वाद्यात दहा तारा, तीन पेडले आणि गुडघ्याने ढकलायचे चार-पाच खटके असतात. डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर, दोन्ही गुडघे खटक्यांवर, डाव्या हातात पाव किलोच्या आसपासची पोलादी कांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. शिवणयंत्र, सायकल आणि सतार एकाच वेळी चालवण्यासारखा हा उद्योग आहे.

हे सगळे जमले तरी खरी अडचण पुढेच असते. नवशिक्याला वाटते की वेग म्हणजे नख्या भराभर मारणे. तसे नाही. साध्या गिटारवर डाव्या हाताचे बोट उचलले की स्वर विझतो. स्टील गिटारवर कांडी तारांवर टेकलेलीच असते, त्यामुळे छेडलेली तार वाजतच राहते. चार तारा भराभर छेडल्या की चार स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून प्रत्येक स्वर छेडायचा आणि पुढचा यायच्या क्षणी तो मुद्दाम थांबवायचा. उजव्या तळहाताची कड तारेवर टेकवून, किंवा छेडलेल्या बोटाची नखीच परत तारेवर आणून. स्वर काढायला एक हालचाल, थांबवायला दुसरी. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीवर दोन तारा आळीपाळीने वाजवायच्या, ठोक्याला एकच स्वर. दोन स्वरांच्या मध्ये सुईच्या अग्राएवढी शांतता ऐकू आली पाहिजे. ती ऐकू आली तर लय चार ठोक्यांनी वाढवायची. नाही आली तर तिथेच बसून राहायचे. महिने जातात. शेजारीपाजारी हैराण होतात. पण या वाद्यावर वेगवान तेच हात, ज्यांना थांबता येते.

आता साथीचा हिशेब पाहा. द्रुत लयीचे गाणे मिनिटाला २०० ठोक्यांचे असेल, तर चार मात्रांचे एक आवर्तन १.२ सेकंदांत संपते. गायिकेची ओळ संपली आणि पुढची सुरू व्हायला दोन आवर्तने असली, तर वादकाच्या हाती आहेत २.४ सेकंद. मात्रेला दोन स्वर घेतले तर सोळा स्वर. एवढ्यात एक बोलका तुकडा सुरू करायचा, त्याला वळण द्यायचे, पुढच्या ओळीच्या स्वरसंगतीवर आणून ठेवायचे आणि गायिका श्वास घ्यायच्या आधी गप्प व्हायचे. तिच्या पहिल्या शब्दावर शेवटचा स्वर सांडला की सगळी मेहनत वाया. तेव्हा साथीतला वेग हा वेळ वाचवण्यासाठी असतो. जो लवकर सांगू शकतो तो लवकर थांबू शकतो. आपल्याकडच्या चांगल्या हार्मोनियमवाल्यांना हे गणित पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

वेस्टने हे गणित ज्या परिस्थितीत सोडवले ती आज कल्पनेत आणणेही कठीण. १९५० च्या सुमाराला कॅपिटल कंपनीचा हॉलीवुडमधला स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि त्यात सगळे एकदम. गायक, ढोल, बास, गिटार, स्टील यांचे मुद्रण एकाच वेळी होई. मागाहून तुकडा कापून बसवणे ही सोय नव्हती. वादक-संघटनेच्या नियमाने तीन तासांचे सत्र आणि त्यात साधारण चार गाणी. वादकाचा एक स्वर घसरला तर गायकापासून सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा ज्याला बोलावणे येते, त्याच्यावर लोकांचा विश्वास किती असेल! फ्रँकी लेनसारख्या लोकप्रिय गायकापासून जीन शेपर्डसारख्या नवख्या गायिकेपर्यंत सर्वांच्या मागे तो बसला. १९५० मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड आणि के स्टार यांनी ‘आय विल नेव्हर बी फ्री’ हे द्वंद्वगीत गायले. गाणे संथ, दुखऱ्या चालीचे. ते कंट्रीच्या आणि सर्वसाधारण लोकप्रिय संगीताच्या, दोन्ही याद्यांत वर चढले आणि त्याबरोबर वेस्टच्या स्टीलचा आवाज घरोघरी गेला. ‘स्पीडी’ नावाच्या माणसाची कीर्ती संथ गाण्याने पसरली, हे मला फार बोलके वाटते. घाई करता येत असूनही न करणे, ही त्या गाण्यातली त्याची कमाई आहे.

त्याच्या वेगाला मोकळे रान मिळाले ते जिमी ब्रायंटबरोबर. ब्रायंट जॉर्जिया राज्यातल्या मूल्ट्री गावचा, १९२५ चा जन्म, लहानपणापासून व्हायोलिनवर तयार. युद्धात जखमी होऊन रुग्णालयात पडला असताना गिटारकडे वळला. लिओ फेंडरची भरीव लाकडाची नवी विजेची गिटार १९५० मध्ये बाजारात आली, तेव्हा ती वाजवणाऱ्या पहिल्या वादकांत तो होता. लॉस एंजेलिसच्या मद्यालयांत दोघांची गाठ पडली आणि क्लिफी स्टोनच्या ‘होमटाउन जंबोरी’ या रेडिओ-टीव्हीवरच्या कार्यक्रमात जोडी जमली. एल मॉन्टे इथल्या सभागृहातून हा कार्यक्रम होई. लोक नाचायला येत आणि या दोघांचे वाजवणे सुरू झाले की नाच थांबवून मंचासमोर उभे राहत असतील, असे ती ध्वनिमुद्रणे ऐकताना वाटते.

कॅपिटलने दोघांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या काढल्या. १९५४ ची ‘टू गिटार्स कंट्री स्टाइल’ ही त्यांची लाँगप्ले तबकडी. त्याच वर्षीची ‘स्ट्रॅटोस्फिअर बूगी’ ही धून. या धुनेत ब्रायंटने वाजवलेली दोन मानांची गिटार जिथे बनली होती, ते गाव म्हणजे स्प्रिंगफील्ड, मिसूरी. वेस्टचेच जन्मगाव. दोघे एकच तान जोडीने घेत, इतक्या द्रुतगतीत की एकच वाद्य वाजते आहे असे वाटावे. मग वेस्टला लहर येई. तो कांडी तारांवर आपटून काच फुटल्यासारखा आवाज काढी, तारांवरून ती सुसाट वर नेई, मधूनच घंटेसारखे सूक्ष्म नाद पेरी आणि पेडलच्या एका दाबाने सगळा डोलारा दुसऱ्याच स्वरसंगतीवर नेऊन ठेवी. ही धांदल ऐकताना हसू फुटते. तरी नीट ऐकावे: ब्रायंटची पाळी आली की स्टील खाली बसते. दोन-तीन स्वरांची टेकू देणारी साथ, आणि त्यांच्या मध्ये तीच सुईच्या अग्राएवढी शांतता. ज्या माणसाला इतके काही बोलता येते, तो दुसरा बोलत असताना कसा ऐकतो, हे शिकायला या तबकड्यांसारखी शाळा नाही.

दिवस बदलायला फार काळ लागला नाही. १९५३ च्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये वेब पिअर्सचे ‘स्लोली’ हे गाणे मुद्रित झाले. त्यात बड आयझॅक्सने एक साधी गोष्ट केली. स्वर वाजत असतानाच पेडल दाबले, म्हणजे तार चढताना श्रोत्याला ऐकू आली. त्याआधीचे वादक पेडलचा उपयोग बहुधा गुपचूप जुळणी बदलण्यासाठी करीत. आयझॅक्सने ती बदलण्याची क्रियाच गाण्यात आणली. पुढच्या वर्षी गाणे गाजले आणि देशभरचे स्टीलवाले आपल्या वाद्याला पेडले बसवायला धावले. आज कंट्री संगीत म्हटले की जो रडवेला, वळणदार आवाज आठवतो तो इथून सुरू झाला. पुढे बडी एमन्स वगैरे मंडळींनी तो शास्त्रासारखा बांधला. वेस्टचा खेळकर, उसळता बाज अचानक जुना ठरला. त्यातच रॉक अँड रोल आले. तरुण मुलांना स्टील गिटार नकोशी झाली. कंट्रीचे केंद्र कॅलिफोर्नियातून नॅशव्हिलला सरकत होते. ब्रायंटचे कॅपिटलशी बिनसले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जोडी फुटली. ज्याला रोज बोलावणे येई त्याच्याकडचे बोलावणे विरळ झाले.

१९६० साली एक अनोळखी तरुणी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आपले पहिले गाणे मुद्रित करायला आली. केंटकीच्या कोळसा-खाणीच्या मुलखात वाढलेली, लहान वयात लग्न झालेली, मुलाबाळांची आई. ते सत्र वेस्टने जुळवून दिले आणि स्टीलवर स्वतः बसला. ‘आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल’ हे ते गाणे आणि तरुणीचे नाव लोरेटा लिन. पुढे तिची कारकीर्द अर्ध्या शतकाहून अधिक चालली. वेस्टच्या हातचे हे शेवटच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक. एका नवख्या आवाजाला आधार देऊन उभे करायचे आणि आपण बाजूला व्हायचे, हा त्याच्या आयुष्याचाच आराखडा इथे एका दिवसात पुरा झालेला दिसतो.

त्याच सुमारास तो ओक्लाहोमातल्या टल्सा भागात गेला. फेंडर कंपनीच्या वाद्यांच्या कोठाराची व्यवस्था पाहण्याचे काम त्याने पत्करले. १९५० च्या दशकात ज्याच्या हाताची वाट गायक पाहत, तो आता इतरांच्या हाती जाणारी वाद्ये पेटाऱ्यांतून रवाना करू लागला. हे ऐकून कोणाला वाईट वाटेल. मला त्यात व्यवहारी शहाणपण दिसते. त्याला संसार होता, नियमित पगार हवा होता. वादन त्याने सोडले नाही. स्थानिक कार्यक्रम होत राहिले. १९६२ मध्ये ‘गिटार स्पेक्टॅक्युलर’ ही त्याची तबकडी आली. १९७५ मध्ये ब्रायंटबरोबर पुन्हा एकदा नॅशव्हिलच्या स्टुडिओत तो बसला. पीट ड्रेक या स्टीलवादकानेच ते मुद्रण घडवून आणले. पण ते ब्रायंटला छापील स्वरूपात पाहायला मिळाले नाही. १९८० च्या सप्टेंबरात फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो गेला आणि तबकडी निघाली १९९० मध्ये. नाव होते ‘फॉर द लास्ट टाइम’.

ज्या वर्षी मित्र गेला त्याच वर्षी, १९८० मध्ये, स्टील गिटार वादकांच्या सन्मान-दालनात वेस्टचे नाव लागले. आणि पुढच्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात गेला. वय अवघे ५७. चार अवयवांनी वाजवायच्या वाद्यावर ज्याने घोडदौड केली, त्याला ते वाद्य पुन्हा कधी पूर्वीसारखे वाजवता आले नाही.

त्यानंतर तो २२ वर्षे जगला. या २२ वर्षांविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. वादकाचा हात जाणे म्हणजे काय, हे ज्याने दहा दिवसांचा सराव चुकवून पुन्हा वाद्याला हात लावला असेल, त्याला थोडेफार कळेल. अशा वेळी माणूस दार लावून घेतो. वेस्टने तसे केले नाही. स्टील वादकांच्या संमेलनांना तो जात राहिला, मंचावरून इतरांची ओळख करून देत राहिला, जुन्या गोष्टी रंगवून सांगत राहिला. नव्या मुलांचे वादन ऐकायला पुढे बसत राहिला. वाजवता येत नव्हते, पण साथ करणे त्याने थांबवले नव्हते, असेच म्हणावे लागेल. १९९० च्या दशकात त्या दोघांची जुनी मुद्रणे सीडीवर आली. १९९७ मध्ये एका जर्मन कंपनीने चार सीडींचा संचच काढला. तबकड्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत राहिलेले नाव मुखपृष्ठावर आले. हे पाहायला तो हयात होता. १५ नोव्हेंबर २००३ रोजी ओक्लाहोमातल्या ब्रोकन ॲरो इथे, वयाच्या ७९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

दुसऱ्याच्या गाण्यात गेलेले आयुष्य हे दुय्यम आयुष्य का? आपल्याकडेही हा प्रश्न अनेक तबलजींच्या, सारंगियांच्या, वाद्यवृंदातल्या अनाम व्हायोलिनवाल्यांच्या घरी विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर बहुधा मानधनाच्या पाकिटाकडे पाहून दिले गेले आहे. वेस्टच्या बाबतीत मी ते त्याच्या कामात शोधतो. त्याची एखादी द्रुत साथ घ्यावी. आज संगणकावर मुद्रणाचा वेग निम्म्यावर आणता येतो, स्वर तेच ठेवून. वेग निम्मा केला की चमत्कार नाहीसा होतो आणि कारागिरी दिसू लागते. गायिकेच्या शेवटच्या अक्षराला स्पर्श न करता तो आत येतो. तिने सोडलेल्याच स्वरावरून सुरुवात करतो, म्हणजे तिचे म्हणणे पुढे नेतो. मध्ये एक खोडी काढतो. आणि तिचा श्वास ऐकू येण्याच्या आत हात तारांवर टेकतो. ती टेकण्याची जागा मुद्रणामागून मुद्रणात अचूक आहे. शेकडो गाण्यांत, शेकडो वेळा, इतक्या घाईच्या दिवसांत, दुसऱ्याचा शब्द त्याने तुडवलेला नाही.

पेडल स्टील शिकणाऱ्याने त्याच्या ताना जरूर उतरवून घ्याव्यात. मीही घेतो आहे आणि अजून निम्म्या वेगाच्या पुढे फारसा सरकलेलो नाही. ताना सरावाने येतील. पण त्या संपतात कुठे, हे आधी उतरवून घ्यावे. बाकीचे वाद्य तिथून मागे वाजवत यायचे असते.